विश्लेषण : सामने नसताना फुटबॉल स्टेडियम कमाई करू शकते का? मुरगूडसारख्या शहराला हे गणित परवडेल?

कोल्हापुरात हंगाम सुरू झाला की राजर्षी शाहू स्टेडियमच्या गॅलऱ्या पेठापेठांतील समर्थकांनी भरून जातात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ अशा संघांचे सामने लोक तिकीट काढून पाहतात. देशाच्या बऱ्याच भागांत स्थानिक फुटबॉलला फुकटातही प्रेक्षक मिळत नाहीत, त्यामुळे हे चित्र दुर्मीळच म्हणावे लागेल. मात्र पाऊस सुरू झाला की मैदान शांत होते आणि हंगामातही रोज सामना नसतो. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न लंडनच्या क्लबपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळ्यांना पडतो. कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या छोट्या शहरात प्रेक्षागॅलरीसह मैदान उभे करायचे ठरले, तर ते स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकेल का?

सामन्यांचे दिवस नेमके किती?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. त्यातील १९ घरच्या मैदानावर होतात. चषक स्पर्धा धरल्या तरी मैदान वर्षातून २५ ते ३० दिवसच वापरात येते. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०२४-२५ च्या हंगामात १३ संघ होते आणि साखळी फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला घरच्या मैदानावर १२ सामने आले. म्हणजे ३६५ पैकी ३५० हून अधिक दिवस लीगचा सामना नाही. त्यातच व्यावसायिक हक्कांच्या करारावरून जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगामच लांबणीवर टाकण्यात आला. केवळ सामन्यांवर विसंबणे किती जोखमीचे असते, हे त्या वेळी क्लबांना कळून चुकले.

खर्च मात्र सामन्यांचे वेळापत्रक पाहून येत नाही. गवताला पाणी, कापणी, राखणदार, वीजबिल, स्वच्छतागृहांची देखभाल आणि गॅलरीची डागडुजी वर्षभर चालूच असते. फुटबॉलचे प्रमाणित मैदान १०५ बाय ६८ मीटरचे, म्हणजे ७,१४० चौरस मीटरचे. एवढ्या जागेवरचे गवत महिनाभर दुर्लक्षित राहिले तरी पुढच्या सामन्यात ते दिसून येते.

मोठे क्लब काय करतात?

लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परने २०१९ मध्ये सुरू केलेल्या स्टेडियमचा आराखडाच या प्रश्नाभोवती आखला. तेथील गवताचे मैदान तीन भागांत विभागून गॅलरीखाली सरकवता येते. त्याखाली कृत्रिम पृष्ठभाग आहे. त्यावर अमेरिकन फुटबॉलचे सामने आणि संगीताचे कार्यक्रम होतात. गायिका बियॉन्सेचे २०२५ मध्ये तेथे सहा कार्यक्रम झाले. या काळात फुटबॉलच्या गवतावर कोणाचे पाऊल पडत नाही.

रिआल माद्रिदनेही सान्तियागो बर्नाबेऊ स्टेडियमचे नूतनीकरण करताना गवत जमिनीखाली साठवण्याची यंत्रणा बसवली. २०२३-२४ मध्ये या क्लबने एक अब्ज युरोच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडला. असे करणारा तो जगातील पहिला फुटबॉल क्लब ठरला. मे २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे कार्यक्रम तेथे झाले. पण आवाजाने हैराण झालेल्या रहिवाशांनी तक्रारी केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये क्लबला पुढचे कार्यक्रम थांबवावे लागले. यंत्रणेवर कोट्यवधी युरो खर्च करूनही शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न सुटला नव्हता.

दुसरे टोक ब्राझीलमध्ये दिसते. २०१४ च्या विश्वचषकासाठी ॲमेझॉनच्या जंगलातील मनौस शहरात भव्य स्टेडियम उभारले गेले. विश्वचषकाचे अवघे चार सामने तेथे झाले. राजधानी ब्राझिलियातील स्टेडियमच्या आवारात तर वर्षभरातच बसगाड्या उभ्या राहू लागल्या. स्थानिक संघांना एवढे प्रेक्षक नव्हते आणि कार्यक्रमांनाही पुरेशी मागणी नव्हती.

भारतात आणि महाराष्ट्रात अनुभव काय?

राज्यातील सर्वांत ठळक उदाहरण नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे. खासगी मालकीच्या या मैदानावर २०१७ मध्ये मे महिन्यात जस्टिन बीबरचा कार्यक्रम झाला आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने रंगले. २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम तेथे झाले. महिला क्रिकेट विश्वचषकाचा नोव्हेंबर २०२५ मधील अंतिम सामनाही याच मैदानावर झाला. क्रिकेट, फुटबॉल आणि संगीत असे तिन्ही मिळाल्याने हे मैदान फार काळ रिकामे राहत नाही. मात्र त्यामागे मुंबई महानगराची लोकसंख्या आणि खिसा आहे. कोल्डप्लेच्या सर्वसाधारण विक्रीतील तिकिटांचे दर अडीच हजार रुपयांपासून सुरू होत होते.

इतर ठिकाणचे अनुभव सावध करणारे आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलजित दोसांझच्या कार्यक्रमानंतर कचऱ्याचा खच पडला आणि सरावाच्या साहित्याची मोडतोड झाल्याची तक्रार धावपटूंनी केली. कोचीच्या स्टेडियममध्ये डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १२ हजार नर्तकांच्या कार्यक्रमात तात्पुरत्या मंचावरून पडून आमदार उमा थॉमस गंभीर जखमी झाल्या. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी नीट दिसला नाही म्हणून संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. या तिन्ही ठिकाणी फुटबॉलचा सामना नव्हता, पण नुकसान खेळाच्या मैदानाचे झाले.

कार्यक्रमाने मैदानाचे नेमके काय बिघडते?

गवताला ऊन, हवा आणि पाणी लागते. कार्यक्रमासाठी त्यावर आच्छादन टाकले की ऊन आणि हवा तुटते. दोन-तीन दिवस हे चालून जाते. मंच उभारणी आणि उतरवणीसह आठवडा गेला की गवत पिवळे पडते. त्याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ट्रक, क्रेन आणि हजारो लोकांच्या वजनाने माती दबून घट्ट होते. मग पाण्याचा निचरा होत नाही, मुळे खोल जात नाहीत आणि मैदान टणक होते. अशा मैदानावर पडलेल्या खेळाडूचा गुडघा किंवा घोटा दुखावण्याची भीती वाढते. मंडपासाठी मारलेल्या पहारींचे खड्डे वरवर बुजवले, तरी धावताना पाय नेमका तिथेच मुरगळतो.

मग पैसा येतो कुठून?

उत्पन्नाचे ढोबळ तीन प्रकार करता येतात. पहिला मैदानाच्या मधोमध मिळणारा : संगीत कार्यक्रम, सभा, प्रदर्शने, लग्नसमारंभ. रक्कम एकदम मिळते, पण गवताची किंमत मोजावी लागते. दुसरा मैदानाच्या कडेने मिळणारा : गॅलरीखालचे दुकानगाळे, उपाहारगृह, व्यायामशाळा, वाहनतळ, जाहिरात फलक आणि बाजूच्या छोट्या टर्फचे तासाचे भाडे. यात रक्कम लहान असते, पण ती दरमहा येते. तिसरा नावावर मिळणारा : नामकरणाचे हक्क, संग्रहालय, स्टेडियमची सफर. म्युनिकचे अलियान्झ अरेना किंवा बार्सिलोनाचे संग्रहालय यांतून मोठी कमाई होते, कारण त्या क्लबांचे नाव जगभर पोहोचले आहे. तालुक्याच्या मैदानाला या तिसऱ्या प्रकारातून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कोल्हापूरला दुसरा प्रकार नवा नाही. शाहू स्टेडियमच्या बाहेरच्या बाजूने दुकाने आहेत. राज्यातील अनेक क्रीडा संकुलांच्या दर्शनी भागातही गाळे दिसतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये झालेले पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, हेही एका अर्थाने याच विचाराचे उदाहरण. कुस्ती आखाड्यात आणि नाटक रंगमंचावर, दोन्हींना शेजारी-शेजारी पण स्वतंत्र जागा. ऑगस्ट २०२४ च्या आगीत हे नाट्यगृह जळाले, तेव्हा शेजारच्या वास्तूंची अग्निसुरक्षा एकमेकींवर किती अवलंबून असते तेही दिसले.

गाळ्यांनाही धोके आहेत. २०१७ च्या विश्वचषकासाठी कोचीच्या स्टेडियममधील दुकाने रिकामी करण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा दुकानदार उच्च न्यायालयात गेले. भाडेकरार करतानाच मोठ्या स्पर्धेच्या काळात दुकान बंद ठेवण्याची अट आणि त्याची भरपाई लिहून ठेवली नाही, तर वाद अटळ असतो.

मुरगूडचे गणित कसे मांडता येईल?

मुरगूडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ हजारांच्या आसपास. ती सगळी जमली तरी डी. वाय. पाटील स्टेडियमचा जेमतेम पाचवा भाग भरेल. वेदगंगेकाठच्या या शहराची क्रीडा-ओळख फुटबॉलपेक्षा कुस्तीची. त्यामुळे मोठ्या कार्यक्रमांच्या भरवशावर येथे आराखडा करणे धोक्याचे ठरेल.

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. गॅलरीखाली १२ गाळे आणि प्रत्येकी चार हजार रुपये मासिक भाडे, तर वर्षाला ५ लाख ७६ हजार रुपये. बाजूच्या छोट्या टर्फचे तासाला ६०० रुपये, रोज चार तास, वर्षातील २५० दिवस, तर सहा लाख. सामन्यांचे ३० दिवस, दर वेळी ५०० प्रेक्षक आणि २० रुपये तिकीट, तर तीन लाख. वर्षातून तीन मोठे कार्यक्रम, प्रत्येकी ५० हजार भाडे, तर दीड लाख. एकूण १६ लाख २६ हजार. यात सामन्यांचा वाटा पाचव्या भागाहून कमी आणि मधोमध होणाऱ्या कार्यक्रमांचा जेमतेम नऊ टक्के. कडेने येणारे पैसे सर्वाधिक, सुमारे ७२ टक्के.

आता खर्च. तीन कर्मचारी दरमहा १५ हजारांप्रमाणे ५ लाख ४० हजार, वीज आणि पाणी तीन लाख, दुरुस्ती आणि टर्फ बदलण्यासाठीची तरतूद तीन लाख. एकूण ११ लाख ४० हजार. हाती उरतात ४ लाख ८६ हजार. पण निम्मे गाळे रिकामे राहिले आणि टर्फला निम्मेच बुकिंग मिळाले, तर उत्पन्न १० लाख ३८ हजारांवर येते आणि वर्षाला एक लाखाचा तोटा होतो.

तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा राज्य सरकारने २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटी रुपये केली. पाच कोटींचे बांधकाम वर्षाला ४ लाख ८६ हजारांच्या शिलकीतून वसूल करायचे, तर शंभरहून अधिक वर्षे लागतील. म्हणजे असे मैदान नीट चालवले तर स्वतःची देखभाल करू शकते, बांधकामाचा खर्च फेडू शकत नाही. तो खर्च रस्ता, शाळा किंवा वाचनालयाप्रमाणे सार्वजनिक सोय म्हणूनच करावा लागतो. ‘स्टेडियम स्वतःचे पैसे स्वतः फेडेल’ असे कोणी सांगितले, तर आधी हा भागाकार करून पाहावा.

यात कोणाचे नुकसान होऊ शकते?

कमाईच्या आग्रहात पहिला बळी मोफत सरावाचा जातो. तासाला ६०० रुपये दहा जणांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी ६० रुपये. आठवड्यातून पाच दिवस खेळायचे तर महिन्याला १,२०० रुपयांहून अधिक. ऊसतोड किंवा शेतमजुरी करणाऱ्या घरातील मुलाला हे परवडणारे नाही. पहाटे भरतीसाठी धावणारी मुले-मुली, फिरायला येणारे ज्येष्ठ आणि शाळांचे संघ यांच्यासाठी मैदान हीच एकमेव जागा असते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. असे खेळाडू घडतात ते रोजच्या सरावातून, आणि त्यासाठी लहानपणी मैदानाचे दार उघडे असावे लागते.

कोणत्या अटी घालता येतील?

सर्वांत आधी, मुख्य मैदान बिगर-क्रीडा कार्यक्रमांना वर्षातून किती दिवस द्यायचे याची मर्यादा लेखी ठरवता येते आणि ते दिवस हंगामानंतर पण पावसाआधी ठेवता येतात. आयोजकाकडून भाड्याव्यतिरिक्त अनामत घेऊन मैदान पूर्ववत झाल्यावरच ती परत करता येते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सवलतीचे दिवस वर्षाला १५ पेक्षा जास्त नसतात. सकाळचे आणि संध्याकाळचे ठरावीक तास मोफत सरावासाठी राखून ठेवता येतात. गाळे जाहीर लिलावाने देऊन त्यांचे भाडे स्वतंत्र खात्यात जमा केले आणि ते मैदानावरच खर्च करण्याचे बंधन घातले, तर हिशेब नागरिकांनाही तपासता येतो.

या सगळ्याचा निर्णय बांधकामाआधी व्हावा लागतो. गॅलरीखाली गाळे काढायचे तर खांबांतील अंतर, सांडपाणी, वीजजोडणी आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग आराखड्यातच असावे लागतात. टर्फ मुख्य मैदानाबाहेर हवी, तर तेवढी जागा आधीच सोडावी लागते. गॅलरी उभी राहिल्यानंतर कमाईचा विचार सुरू झाला, की वापरायला मैदानाचा मधला भागच उरतो.