बँजो नक्की कोणाचा?

आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा ‘बेंजो’ म्हणजे वास्तविक बुलबुल तरंग. आजच्या थ्रेडशी त्याचे नाते केवळ नावापुरते. प्रश्न आहे तो अमेरिकेतील बँजोचा. त्याचे नाव घेताच आज डोंगराळ भागातला एखादा गोरा शेतकरी डोळ्यांसमोर येतो.

हे चित्र बरेच उशिराचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगांबियात जोला लोकांचे ‘अकोंटिंग’ आजही वाजते: पोखरलेला भोपळा, त्यावर ताणलेले कातडे, लांब दांडी आणि अंगठ्याने छेडायची एक आखूड तार. याच घडणीची वाद्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत नव्याने घडवली. टॉमस जेफरसनने व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात (१७८५) हे वाद्य आफ्रिकेतून आल्याचे निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. ही साक्ष शेकडो गुलामांच्या मालकाची आहे, हेही ध्यानात घ्यावे.

तरीही त्या आखूड तारेचे श्रेय दीर्घकाळ जोएल स्वीनी या गोऱ्या कलावंताला दिले गेले. स्वीनीचा जन्म १८१० च्या सुमाराचा. दक्षिण कॅरोलायनातील ‘द ओल्ड प्लांटेशन’ हे जलरंगचित्र त्याच्या किमान वीस वर्षे आधीचे. त्यातील कृष्णवर्णीय वादकाच्या हाती भोपळ्याचा बँजो आहे आणि त्यावर ती आखूड तारही आहे! पुढे १८४३ मध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या गोऱ्या मंडळीने तोंडाला काळे फासून न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बँजो वाजवला. ज्यांचे वाद्य, त्यांचीच टवाळी करून ते लोकप्रिय झाले.

म्हणूनच अमेरिकी संगीताच्या इतिहासात वारंवार भेटणारा ‘आफ्रिकी प्रभाव’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. प्रभाव पडतो तो आधीच सिद्ध असलेल्या गोष्टीवर, बाहेरून. येथे तर घडवणारेच ते होते. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या धुनांचा वाटा कोणी नाकारत नाही. पण मालकांच्या घरच्या नृत्यसमारंभांत त्या धुना फिडलवर वाजवणारे हातही अनेकदा गुलामांचेच असत.

याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्यासाठी मालक वृत्तपत्रांत जाहिराती देत. त्यांत उंची, अंगावरचे वण, कपडे यांचे वर्णन असे आणि मध्येच, हा फिडल वाजवतो, असा उल्लेख येई. ओळख पटावी एवढ्याचसाठी लिहिलेली ती ओळ, आणि बहुतेकदा त्या वादकाविषयी आज तेवढीच शिल्लक आहे.