उघड्या खाणी, झाकलेला हिशेब

देशातील कोळशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आज उघड्या खाणींतून निघतो. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील आपल्या कार्यकर्त्यांना हे सांगावयास नको. उघडी खाण स्वस्त पडते, असे तिचे समर्थन केले जाते. या स्वस्ताईत कामगाराच्या जिवाचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

२९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातील राजमहल खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा कोसळून २३ कामगार गाडले गेले. खाण सार्वजनिक क्षेत्राची, काम मात्र खासगी कंत्राटदाराचे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने खाणमालक घालविला. कंत्राटी पद्धतीने तो मागील दाराने परत आणला.

१९२३ च्या भरपाई कायद्याने अपघाताचे दायित्व मालकावर टाकले, परंतु विमा उतरविण्याची सक्ती केली नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्यातून खाणी वगळण्यात आल्या. परिणामी कंत्राटदार विमा घेतो तेव्हा हप्ता मजुरीच्या एकूण रकमेवर आकारला जातो, आणि हजेरीपटावर माणसे व मजुरी कमी दाखविण्यातच त्याचा लाभ असतो. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळत असल्याने प्रामाणिक कंत्राटदारही स्पर्धेत मागे पडतो.

याचे मोल कोण देतो, ते पाहावे. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणक. तीस वर्षांच्या कामगारासाठी तो २०७.९८ आहे. मजुरी १५,००० असल्यास भरपाई १५,५९,८५० रुपये होते. कागदावर १०,००० दाखविल्यास १०,३९,९००. म्हणजे खोट्या नोंदीच्या एका ओळीने विधवेचे ५,१९,९५० रुपये बुडतात. शिवाय जानेवारी २०२० मध्ये सरकारने हिशेबासाठी १५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातल्यामुळे, तीस हजार मिळविणाऱ्या डंपरचालकाचा जीवही तेवढ्याच मोलाचा ठरला. धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्याची गत तर याहून वाईट. रोग प्रकट होईपर्यंत कंत्राटदार निघून गेलेला असतो.

विम्याचा भार वाढल्यास कोळसा महागेल, वीज महागेल, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः विम्याचा हप्ता हा खर्च निर्माण करीत नाही. तो आधीच झालेला खर्च केवळ उघड करतो. आज तो मृताचे कुटुंब भरते, उद्या उद्योगाने भरावा, एवढाच वाद आहे. जर्मनीने १८८४ साली अपघात विमा सक्तीचा केला, त्याचा संपूर्ण हप्ता मालकांवर टाकला आणि उद्योगाच्या धोक्यानुसार दर ठरविले. धोका वाढला की मालकाच्या खिशाला चाट बसते, तेव्हाच सुरक्षिततेला किंमत येते.

१९२३ चा कायदा आता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. या संधीचा उपयोग करून आपण तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: हप्ता कंत्राटदाराऐवजी मुख्य मालकाने सार्वजनिक निधीत थेट भरावा, त्याचा दर त्या खाणीच्या अपघातांच्या इतिहासाशी जोडावा, आणि भरपाई प्रत्यक्ष मजुरीवर मोजावी.

तोवर प्रत्येक शाखेने कंत्राटी कामगारांचे हजेरीपट व मजुरीच्या नोंदी तपासण्याचे काम हाती घ्यावे. अपघातानंतर मोर्चा काढणे आवश्यकच आहे. परंतु ज्याचे नावच पटावर नाही, त्याच्यासाठी मोर्चाही पुरावा उभा करू शकत नाही.