नोवाकोवा, नोवाकुव्ना आणि नुसती नोवाक

जुन्या पुस्तकातून भाषा शिकू नये, असं सगळे बजावतात. मी पोलिश शिकतेय ती १९७०च्या दशकातल्या पुस्तकातून, आणि ते मला बाजूला ठेववत नाही.

व्याकरण त्यातलं आजही चालतं. सात विभक्ती आहेत. शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्यांना त्या ओळखीच्या वाटतील. पंचमी तेवढी नाही. संबोधन मात्र सैल होत चाललंय. ‘मार्कू!’ अशी हाक मारण्याऐवजी लोक सर्रास नुसतं ‘मारेक!’ म्हणतात. पुस्तकातल्या चौकातला ‘मिलित्स्या’चा शिपाई मात्र १९९० मध्येच गेला, त्याच्या जागी ‘पोलित्स्या’ आली. किमतींचं तर बोलायलाच नको. १९९५ साली दहा हजार जुन्या झ्वोतींचा एक नवा झ्वोती झाला.

मी रेंगाळते ती शेजाऱ्यांच्या धड्यावर. नोवाक यांची बायको ‘नोवाकोवा’, मुलगी ‘नोवाकुव्ना’. म्हणजे बाई कुणाची बायको की कुणाची लेक, हे आडनावच चारचौघांत सांगून टाकणार. आज दोघीही बहुतेक नुसत्या ‘नोवाक’ असतात. त्याच धड्यातली डॉक्टर मात्र ‘पानी डोक्तोर’, म्हणजे पुरुषाच्याच पदवीआधी ‘बाई’ लावलेलं. महायुद्धापूर्वी ‘डोक्तोर्का’ हे रूप सहज वापरात होतं. युद्धानंतर पुरुषी पदवीच भारदस्त ठरली आणि ‘डोक्तोर्का’ मागे पडली.

आता अशी स्त्रीलिंगी रूपं परत येतायत. २०१२ मध्ये क्रीडामंत्री योआन्ना मुखा यांनी आपल्याला ‘मिनिस्त्रा’ म्हणावं असं सांगितलं, तेव्हा खूप टिंगल झाली. २०१९ मध्ये पोलिश भाषा परिषदेनेच स्त्री-पुरुषांच्या पदनामांत अधिक समानता हवी, अशी भूमिका घेतली. सक्ती मात्र केली नाही.

एक स्त्रीलिंगी प्रत्यय बायकांनी टाकला, दुसरा मागून घेतला. मला यात विसंगती दिसत नाही. पहिला त्यांचं नातं सांगत होता, दुसरा त्यांचं काम सांगतो. भाषा आपोआप बदलते, हे म्हणूनच मला पटत नाही. इथे तर बदल कुणी मागितला, हे नावानिशी सांगता येतं.

तरी वॉर्सातल्या डॉक्टरबाईंना काय म्हणायचं, हे मी त्यांनाच विचारेन. ‘पानी डोक्तोर’च आवडणाऱ्याही पुष्कळ आहेत.