चाळीस हजार गाणी आणि एक थकलेला डब्बा

ईदच्या दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे होते. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, “चाचा, ती जुनी उरुसाची कव्वाली लावा ना.” अब्बांनी मोठ्या हौसेने रिमोट उचलला. टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकावर आम्ही मीडिया सेंटर बसवलं आहे, घरातली सगळी गाणी त्यात आहेत. अब्बांनी ‘संगीत’ दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. मी घड्याळ लावलं, चाळीस सेकंद. यादी उघडली, अब्बांनी खाली सरकवली आणि ती तिथेच गोठली. पाहुण्यांच्या गप्पा दुसरीकडे वळल्या. अब्बांनी रिमोट ठेवला आणि म्हणाले, “रहन दे बेटा, ये डब्बा मेरे से बी बुड्ढा हो गया.” आणि बातम्या लावल्या.

मला राग आला तो डब्ब्याचा नाही. आधी महिनाभर मी ज्याला ज्याला या संथपणाबद्दल विचारलं होतं, त्या प्रत्येकाने एकच उत्तर दिलं होतं, ‘तुमचा संग्रह फार मोठा आहे.’ मग सल्ला. गाणी कमी करा, नाहीतर महागडं मशीन घ्या.

कुठली गाणी कमी करू? अब्बा मिरजेत रेल्वेत नोकरीला होते. मिरज म्हणजे सतारी घडवणाऱ्यांचं गाव. १९३७ साली गेलेले अब्दुल करीम खाँ साहेब तिथेच ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या नावाने संगीत सभा होते. अशा गावात माणूस पगारातून कॅसेटी घेणारच. सहाशे कॅसेटी मी दोन वर्षं बसून संगणकावर उतरवल्या. त्यात नाट्यगीतं आहेत, ठुमऱ्या आहेत, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली आहेत. शिवाय भावाच्या सीडी, आणि एकात दीडशे गाणी मावायची त्या एमपी३ डिस्का. सगळं मिळून चाळीस हजार फाइली.

आता हिशेब करू. एका गाण्याची माहिती म्हणजे नाव, गायक, अल्बम, फाइल कुठे आहे एवढंच. सढळ हाताने पाचशे बाइट धरा. चाळीस हजार गुणिले पाचशे म्हणजे वीस एमबी. मोबाइलवर काढलेला लग्नाचा एक मिनिटाचा व्हिडिओ याहून जड असतो. कोडी असो की जेलीफिन, अशी सॉफ्टवेअर ही माहिती बहुधा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. त्याची कमाल मर्यादा आहे २८१ टेराबाइट. त्याच्यासमोर आमचा संग्रह म्हणजे परातीतला तांदळाचा दाणा. तेव्हा ‘मोठा आहे’ हे उत्तर तांत्रिक नाही. ते अंग काढून घेणं आहे.

मग वेळ जातो कुठे? मी एकेक सोय बंद करून पाहिली. पडद्यावर वीस नावं मावतात, पण आमचं सॉफ्टवेअर चाळीस हजार नावं एकदम मागवून, क्रम लावून, मगच पहिली ओळ दाखवत होतं. वाण्याकडे पावशेर साखर मागावी आणि त्याने आधी सगळं गोदाम दुकानात ओतावं, तसं. मग चित्रं. प्रत्येक नावापुढे मुखपृष्ठ हवंच, आणि ती हजारो लहान चित्रं मेमरी कार्डावरून एकेक करून उचलायची. फुटकळ फाइलींच्या अशा उचलठेवीत मेमरी कार्ड नेहमीच मार खातं. सुरू होताना दरवेळी वाय-फायवरून सगळी डिस्क पुन्हा तपासायची. एका फाइलीला सेकंदाचा विसावा भाग लागला, तरी चाळीस हजारांना अर्ध्या तासाहून जास्त. आणि हे सगळं चालू असताना इंटरनेटवर प्रत्येक कलाकाराचं चरित्र शोधायचं. म्युझिकब्रेन्झसारखा मोफत माहितीकोश सेकंदाला साधारण एकच विचारणा घेतो. सहा हजार कलाकार म्हणजे शंभर मिनिटं.

सहा हजार कलाकार आले कुठून? खरी मेख इथे आहे. ही सॉफ्टवेअर एक घर कल्पून बनली आहेत. त्या घरात एक गायक, त्याचा एक अल्बम, त्यात दहा गाणी. आमच्या हिंदी सिनेमाच्या एका अल्बममध्ये पाच गायक असतात, दोन युगुलगीतं असतात. ‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना रिकामा राहिला की त्या एका अल्बमचे सात तुकडे होतात. ‘रफी, लता’ हा एक नवाच कलाकार जन्माला येतो आणि ‘लता, रफी’ हा आणखी एक. अब्दुल करीम खाँ यांची रोमन लिपीत पाच स्पेलिंगं, म्हणून पाच खाँसाहेब. इंग्रजी बँडच्या नावातला ‘द’ बाजूला ठेवून क्रम लावायची सोय मात्र मुळातच असते. आपल्या ‘उस्ताद’ आणि ‘पंडित’साठी ती तयार मिळत नाही. म्हणून सगळे उस्ताद ‘उ’खाली दाटीवाटीने बसलेत.

ही खोड जुनी आहे. एमपी३ फाइलीच्या शेवटी माहिती लिहायची आयडी३ ही पद्धत १९९६ साली आली. तिच्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट दिले होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवा. संगीताचे प्रकार होते ८०. त्यात पोल्का होता, टेक्नो होता. खयाल, कव्वाली, गझल, लावणी नव्हती. होता तो ‘एथनिक’ नावाचा एक कप्पा. पुढच्या आवृत्त्यांत युनिकोड आलं, जागा वाढली. पण कल्पनेतलं घर बदललं नाही.

तुम्ही म्हणाल, ही बरीचशी सॉफ्टवेअर स्वयंसेवक फुकट बनवतात. धर्माची गाय आणि दात का गं नाय! मान्य. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच मी कुठलं सॉफ्टवेअर वापरतो ते इथे लिहीत नाही. पण फुकट देणाऱ्याने सावकाश दिलं तर मी तक्रार करत नाही. माझी तक्रार ‘चूक तुमची’ या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य फुकट नाही, त्याची किंमत अब्बांनी मोजली. आणि एमपीडीसारखा साधा, चित्रांच्या नादी न लागणारा कार्यक्रम लहानशा यंत्रावर मोठमोठे संग्रह सांभाळतो. म्हणजे हे जमतं. प्रश्न आधी काय करायचं याचा आहे. दर आवृत्तीत नवी सजावट येते आणि यादी तिथेच अडकते.

शेवटी मी मशीन बदललं नाही. डेटाबेस आणि चित्रं मेमरी कार्डावरून साध्या एसएसडीवर हलवली. इंटरनेटवरची शोधाशोध आणि सुरुवातीची तपासणी बंद केली. तीन रविवार घालवून नावं एकसारखी केली, अल्बमचा कलाकार भरला. सहा हजार कलाकारांचे अकराशे झाले. एक गाणंही काढलं नाही. चाळीस सेकंदांचे तीन झाले. संग्रह मोठा होता, तर हे कसं झालं?

थोडा दोष आपलाही आहे. कॅसेट उतरवताना आपण ‘ट्रॅक ०१’ लिहून मोकळे होतो. कोण गातंय, कुठे, कुठल्या साली, हे ज्याला आठवतं त्याला विचारत नाही. ते काम आपलंच आहे, कुठलंही सॉफ्टवेअर ते करणार नाही. पण बनवणाऱ्यांनीही तीन गोष्टी कराव्यात. लागेल तेवढीच यादी आणावी. बदललं तेवढंच तपासावं. आणि विचारल्याशिवाय चित्रांमागे धावू नये.

कारण वाट पाहून कंटाळलेला माणूस शेवटी महिन्याच्या वर्गणीचं ॲप घेतो. तिथे कोट्यवधी गाणी क्षणात लागतात. उरुसाच्या रात्री अब्बांनी मांडीवर टेप ठेवून भरलेली ती कव्वाली, मध्येच त्यांच्या खोकल्याचा आवाज असलेली, तिथे नाही. ती फक्त आमच्या डब्ब्यात आहे.

परवा अब्बांनी ती स्वतः शोधून लावली. खोकला आला तेव्हा हसले, आणि ढोलक कोण वाजवतंय ते सांगायला लागले. मी वही घेऊन बसलो.