विश्लेषण : केरळच्या फादरनी चर्चप्रमुखांचं परिपत्रक का वाचलं नाही?

१६ जून २०२४, रविवार. एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातल्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी एक परिपत्रक वाचायचं होतं. ३ जुलैपासून ठरल्याप्रमाणे मिस्सा न करणारे धर्मगुरू चर्चबाहेर गेले असं मानलं जाईल, हा त्याचा आशय. अनेक फादरनी ते वाचलंच नाही.

वाद आहे मिस्सेत फादरचं तोंड कुठे असावं याचा. सिरो-मलबार चर्च रोमशी जोडलेलं असलं, तरी त्याची स्वतःची धर्मसभा आहे. लोकांकडे तोंड करून सुरुवात, मुख्य प्रार्थनेला वेदीकडे वळायचं, शेवटी पुन्हा लोकांकडे, असा नियम या सभेने २०२१ मध्ये सगळ्यांना लावला. एर्नाकुलममध्ये मात्र सुमारे पन्नास वर्षं पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करूनच होत होती. बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. पण डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या बॅसिलिकात दोन्ही गटांनी एकाच वेदीवर उलटसुलट तोंडं करून मिस्सा केली, धक्काबुक्की झाली, पोलीस आले आणि चर्च बंद पडलं.

यात फादरची गोची अशी. दीक्षा घेताना त्याने बिशपच्या आज्ञेत राहण्याचं वचन दिलेलं असतं. बदली, निलंबन, सगळं बिशपच्या हातात. पण रोज समोर बसतात ते गावातले लोक. मयताला, लग्नाला, वर्गणीला तेच येतात. उघड बोललं तर वर कारवाई, नियम पाळला तर खाली रोष.

मग बोलायचं कसं? एकट्याने बोलायचं नाही, धर्मगुरूंच्या समितीच्या नावाने पत्रक काढायचं. प्रापंचिकांच्या 'अल्माया मुन्नेत्तम' या संघटनेलाही पुढे राहू द्यायचं. आणि परिपत्रक आलं की गप्प बसायचं. हा मौनाचा मार्ग सगळ्यात सोयीचा, कारण न उच्चारलेल्या वाक्याचा खुलासा मागणं अवघड असतं. अर्थात सगळेच फादर बिचारे कात्रीत सापडलेले नव्हते. बरेच जण स्वतःच विरोधाचं नेतृत्व करत होते.

डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तर थेट व्हिडिओ संदेश दिला. नाताळपासून नियम पाळा, वेगळा पंथ बनू नका, अशी विनवणी त्यांनी केली. तरी वाद मिटला नाही.

अखेर जुलै २०२४ च्या तोंडावर तडजोड झाली : रविवारी आणि सणाला किमान एक मिस्सा नव्या पद्धतीने. बाकीच्या मिस्सांचं काय, यावर पुढेही खटके उडत राहिले.