रूळ उखडले, वारसा उखडू नये

नागपूरच्या कडबी चौकाजवळ, मोतीबाग परिसरात, नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते सुरू झाले. अडीच फुटी रुळांवर एकेकाळी धावलेली इंजिने, डबे आणि रेल्वेच्या नित्य वापरातली जुनी साधने तेथे जतन केली आहेत. सुटीच्या दिवशी कुटुंबे येतात, मुले छोट्या गाडीतून फेरी मारतात आणि एखादे आजोबा इंजिनापाशी थबकून नातवाला आपल्या तरुणपणीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगतात. गोष्ट संपली की नातू हमखास विचारतो, "मग हे इंजिन आता चालत का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आजोबांपाशी नसते. ते शोधण्याची जबाबदारी साऱ्या समाजाची आहे.

संग्रहालय उभारून रेल्वेने आपले कर्तव्य केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. भंगारात गेली असती अशी यंत्रे वाचली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मूर्ती देव्हाऱ्यात ठेवणे वेगळे आणि तिची नित्य पूजा चालू राहणे वेगळे. वाफेचे इंजिन हे धगधगत्या भट्टीने, उकळत्या पाण्याने आणि माणसांच्या हातांनी जिवंत राहणारे यंत्र आहे. रंगरंगोटी करून त्याचे रूप टिकते. प्राण टिकत नाही. तो टिकवायचा तर शासनाच्या जोडीला ना नफा तत्त्वावर काम करणारी, लोकांनी चालवलेली संस्था उभी राहावी लागते. नागपुरात आज नेमकी तिची उणीव आहे.

या छोट्या गाड्यांचे नागपूरशी नाते साधे नाही. १८६७ साली मुंबईकडून येणारी लोहमार्गाची वाट नागपुरास पोहोचली. पुढे १८८० च्या दशकात छत्तीसगडाकडे मार्ग निघाला आणि १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. सातपुड्याच्या डोंगराळ भागात रुंद रुळांचा खर्च परवडेना, म्हणून या कंपनीने अडीच फुटी मार्गांचे जाळे विणले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया, नैनपूर आणि जबलपूर जोडले गेले. १९०८ साली नागपूर-नागभीड मार्ग झाला, १९१३ साली छिंदवाडा नागपूरशी जोडला गेला. सौंसरची संत्री, भिवापूरची मिरची, उमरेडचा बाजारहाट, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी आणि शिकायला शहरात येणारी मुले या साऱ्यांना या गाडीने वाहिले. ती सावकाश चाले. पण जिथे रस्ताच नव्हता तिथे ती चाले, हे तिचे मोठेपण.

२०१५ साली छिंदवाड्याची आणि २०१९ साली नागभीडची छोटी गाडी थांबली. रुंदीकरण आवश्यक होते. वेगवान गाड्या, जोडलेली बाजारपेठ आणि सुखाचा प्रवास यांवर या भागातील जनतेचा पूर्ण हक्क आहे. स्मरणरंजनासाठी कोणी तिला जुन्याच डब्यात कोंबून ठेवावे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रूळ बदलले, हे योग्यच झाले. दुःख आहे ते रुळांबरोबर विद्याही निघून जात असल्याचे.

ही विद्या कोणती? बॉयलरमधल्या नळ्या झिजल्या की त्या एकेक काढून नव्या बसवणे, पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासणे, बेअरिंगमध्ये मिश्रधातू ओतून तो घासून नेमका बसवणे, रिव्हेट ठोकणे आणि धुराचा रंग पाहून कोळसा किती व कोठे टाकायचा ते ठरवणे. यातले बरेचसे पुस्तकात लिहिता येते. पण शिकता येते ते हाताखाली उभे राहूनच. भारतीय रेल्वेसाठी वाफेचे शेवटचे इंजिन १९७२ साली बनले आणि ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात संपली. त्या वेळी विशीत असलेला उमेदवार आज पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि ज्या उस्तादाने त्याला शिकवले, तो असलाच तर अतिवृद्ध आहे. येत्या दहा-पंधरा वर्षांत ही परंपरा शिष्यावाचून संपेल. लोखंड वाट पाहू शकते, माणूस पाहू शकत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. हे रूळ तर परकीय सत्तेने आपल्या लाभासाठी टाकले. गुलामीची ही खूण जपायची कशाला? आक्षेपात तथ्य आहे. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्क्यांची हमी होती आणि तिचा भार भारतीय करदात्यावर होता. दादाभाई नौरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निचऱ्याची एक वाट या रुळांवरूनच गेली. वऱ्हाडातील 'शकुंतला' हे तर त्याचे बोलके उदाहरण. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारा हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने कापसासाठी उभारला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गेला आणि शकुंतलेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडले. ते १९९४ पर्यंत वऱ्हाडात राबले. देश स्वतंत्र झाल्यावरही हा मार्ग खासगी कंपनीच्याच नावावर राहिला, ही तर इतिहासाची थट्टाच.

पण हा इतिहास मुलांना कळावा कसा? पाठ्यपुस्तकातील चार ओळींनी की त्या इंजिनाच्या पायरीवर उभे करून? शोषणाची साक्ष पुसून शोषणाचा इतिहास शिकवता येत नाही. दुसरे असे की, भांडवल परक्याचे असले तरी घाम येथल्या माणसाचा होता. सातपुड्यात माती कापणारे मजूर, भट्टीपुढे होरपळणारा फायरमन, रात्री-अपरात्री रूळ तपासणारा गँगमन आणि कारखान्यातला फिटर हे सारे येथलेच. आणि येथल्या कर्तृत्वाने परक्यांचे साधनही आपलेसे केले. कापूस पिकतो तेथेच कापड विणावे, या विचाराने जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. या नगराची निवड करताना रेल्वेची सोयही त्यांनी हेरली होती. तेव्हा हे इंजिन जपणे म्हणजे साहेबाची आठवण जपणे नव्हे. आपल्या पूर्वजांच्या श्रमांची आणि कौशल्याची नोंद जपणे होय.

आता ज्या देशातून ही इंजिने आली, तेथील लोकांनी आपल्या इंजिनांचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. वेल्समध्ये तालिलिन नावाची, पाटीचा दगड वाहणारी एक छोटी रेल्वे होती. १९५० साली तिचा मालक वारला आणि ती बंद पडणार हे स्पष्ट झाले. तेव्हा काही नागरिकांनी सभा घेतली, संस्था स्थापन केली आणि १९५१ च्या मे महिन्यात ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातील पहिली वारसा रेल्वे. त्याच वेल्समधील वेल्शपूल-लान्फेअर रेल्वे तर सातपुड्याच्या गाडीची सख्खी बहीण म्हणावी अशी: तेच अडीच फुटी रूळ आणि आरंभही १९०३ सालचा. ती १९५६ साली बंद झाली. रेल्वेप्रेमींच्या संस्थेने १९६३ साली पुन्हा सुरू केली. पुढच्याच वर्षी पुराने पुलाचा खांब खचला. संस्थेने लोकांकडे हात पसरला, सैन्याच्या अभियंत्यांनी साहाय्य केले आणि गाडी पुन्हा पूल ओलांडू लागली. आठवडाभर कचेरीत बसणारा माणूस सुटीच्या दिवशी तेथे तेलकट कपडे घालून रूळ बसवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

यापुढची गोष्ट मनाला अधिक लागावी अशी आहे. १९९९ साली जागतिक वारसा ठरलेल्या आपल्या दार्जिलिंगच्या रेल्वेला पाठबळ देण्यासाठी ब्रिटनमधील रेल्वेप्रेमींनी १९९७ सालीच सोसायटी स्थापन केली होती. सात समुद्रांपलीकडच्या लोकांना दार्जिलिंगच्या गाडीची काळजी वाटते आणि नागपूर-अमरावतीच्या सुशिक्षित घरांना सातपुड्याच्या गाडीची वाटू नये? भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. १८५५ साली बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन दीर्घकाळ प्रदर्शनात उभे राहून १९९७ साली पुन्हा धावले. म्हणजे ज्ञान आहे, अनुभव आहे. उणीव आहे ती संघटित इच्छाशक्तीची.

तेव्हा करायचे काय? आरंभ लहानच हवा. नागपुरात एक नोंदणीकृत विश्वस्त संस्था स्थापन व्हावी. मालकी आणि सुरक्षिततेचा अंतिम अधिकार रेल्वेकडेच असावा. संस्थेने मनुष्यबळ, निधी आणि चिकाटी पुरवावी. पहिले काम निवृत्त रेल्वे कामगारांच्या घरी जाऊन त्यांचे अनुभव ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे. याला पैसा जवळजवळ लागत नाही आणि याहून तातडीचे दुसरे काही नाही. दुसरे, एकच इंजिन निवडून त्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि ते वाफेवर येऊ शकते की नाही, याचे प्रामाणिक उत्तर मिळवावे. येत असेल तर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी आणि आयटीआयमधील फिटर-वेल्डर यांना जुन्या कारागिरांच्या हाताखाली बसवावे. तिसरे, उद्योगांना साद घालावी. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा जो निधी खर्च करायचा असतो, त्यात राष्ट्रीय वारशाच्या जतनाचा स्पष्ट समावेश आहे.

रुग्णालये आणि शाळा अपुऱ्या असताना हा छंद कशाला, असेही कोणी विचारील. शाळेच्या तोंडचा घास काढून इंजिनाला घालावा, असे येथे कोणी म्हणत नाही. पण जो समाज रक्तपेढ्या चालवतो, वसतिगृहे उभारतो, ग्रंथालये लोकवर्गणीतून शंभर-शंभर वर्षे जगवतो, त्याला एक इंजिन जड नाही. शिवाय हातात कला आलेला तरुण हे या कामाचे उत्पन्नच आहे. बॉयलर दुरुस्त करू शकणारा कारागीर कोठेही उपाशी राहत नाही.

शासनाने वाचवले ते लोखंड. समाजाने वाचवायची आहे ती विद्या. एखाद्या रविवारी कुटुंबासह मोतीबागेत जावे, इंजिनापुढे क्षणभर उभे राहावे आणि परतताना वस्तीतल्या एखाद्या निवृत्त ड्रायव्हरच्या वा फिटरच्या घराची कडी वाजवावी. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे अजून आहेत. ती आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.