बॉल आवळू नका भावांनो!

मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला सीझन झाला आणि टेनिस क्रिकेटला एकदम भाव आला. घरचे ज्याला 'टाइमपास' म्हणायचे, तो खेळ टीव्हीवर दिसला. चांगलंच झालं. पण ठाणे घ्या नाहीतर कल्याण-डोंबिवली, आपल्या मैदानांवर बहुतेक बॉलर्सना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे पेस. आणि पेससाठी ते काय करतात? गर्दीच्या लोकलमध्ये दांडा धरावा तसा बॉल आवळतात आणि रनअपच्या पहिल्या पावलापासून जीव तोडून पळतात.

माझं स्पष्ट मत आहे, इथेच गडबड होते.

आत्ता बसल्या जागी करून बघा. मूठ गच्च आवळा आणि मनगट हलवा. आता मूठ सैल करून हलवा. फरक कळला? मूठ आवळली की हाताचे दोन्ही बाजूंचे स्नायू ताणले जातात आणि मनगट जाम होतं. शेवटचा झटका तर मनगटच देतं! टेनिस बॉल जेमतेम ५८ ग्रॅमचा, सीझन बॉल १६० ग्रॅमच्या आसपास. हेवी टेनिसही सीझनपेक्षा हलकाच. एवढ्याशा वजनाला पकडायला ताकद कशाला? बॉल बोटांत धरा, तळहातात दाबू नका. मित्राने ओढला तर थोडी अडवणूक होऊन सुटला पाहिजे, बस्स.

वेगाचंही तसंच आहे. शेतात गोफण फिरवताना बघितलीय? आधी लय येते, मग वेग वाढतो आणि नेमक्या क्षणी एक टोक सुटतं. बॉलिंगमध्येही पाय, कंबर, खांदा, मनगट असा जोर पुढे सरकतो. सगळं सुरुवातीलाच खर्च केलं, तर बॉल सोडताना उरणार काय?

आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. २०११च्या वर्ल्डकपमध्ये २१ विकेट्स. तेव्हा त्याच्या नकल बॉलची हवा होती. हाताचा वेग तोच, पण बॉल दुमडलेल्या बोटांवर धरलेला. त्यामुळे तो हळू जायचा आणि बॅट्समन फसायचा. म्हणजे सगळी गंमत ग्रिपची!

'आम्हाला कुठे आयपीएल खेळायचीय?' असं म्हणाल. मान्य. पण रविवारच्या टुर्नामेंटमध्ये एका दिवसात तीन-तीन मॅच खेळता, ना वॉर्मअप, ना सांगायला कोच. हलका बॉल ताकदीने फेकत राहिलं की भार खांदा आणि कोपरावरच येतो. विशीतच खांदा धरून बसायचंय का?

पुढच्या रविवारी पहिली ओव्हर बोटं सैल ठेवून टाका. रनअपही आरामात सुरू करा. फरक पडला की नाही, ते बॅट्समनचा चेहराच सांगेल.